पंडिता रमाबाई यांचा पश्चात्ताप

देवाविरुद्ध बंड म्हटले म्हणजे चोर, मद्यपी व व्यभिचारी अशी माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आपला बाप्तिस्मा झाला, मूर्ती गेल्या, रविवारी आपण उपासनेस बसतो, तेव्हा ते बंड आपल्यापुरते मिटले, असे पुष्कळांना वाटते. परंतु एदेन बागेत पहिल्या मनुष्याने जे केले ते चोरीहून खोल होते. बरे काय व वाईट काय, हे देवाने नव्हे तर आपण ठरवावे, अशी इच्छा त्याने धरली. ती इच्छा विद्वानाच्या, परोपकारी मनुष्याच्या, इतकेच नव्हे तर बाप्तिस्मा झालेल्याच्या अंतःकरणातही दडून राहू शकते. याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातील एका थोर ख्रिस्ती स्त्रीच्या चरित्रात मिळते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले आणि जवळचे द्रव्य दानधर्मात संपले. अशात दुष्काळ पडला. १८७४ साली वडील वारले आणि त्या हालअपेष्टांत थोड्याच अवधीत आई व थोरली बहीणही गेली. अंतकाळी वडिलांनी या धाकट्या कन्येस देवाच्या हाती सोपवले होते.

रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देशभर हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२च्या आरंभी पटकीने पतीही गेला. मग पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढील वर्षी त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या बातमीने महाराष्ट्रात मोठा क्षोभ झाला आणि लोक त्यांना धर्मद्रोही म्हणू लागले. इकडे इंग्लंडातही, चर्चच्या वडीलधाऱ्यांची प्रत्येक शिकवण त्या मुकाट्याने मान्य करीनात, म्हणून त्या हट्टी ठरल्या. परंतु बंधुभगिनींनो, मनुष्याची आज्ञा विवेकाने पारखून घेणे हे देवाविरुद्ध बंड नव्हे. रमाबाईंना स्वतःच्या ठायी जे बंड पुढे दिसले ते निराळेच होते, आणि ते त्यांना कोणा टीकाकाराने दाखवले नाही.

अमेरिकेचा प्रवास करून त्या स्वदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. अनाथ विधवांची आई म्हणून त्यांची कीर्ती झाली. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांच्यात काय उणे दिसणार? तथापि त्यांच्या जिवाला शांती नव्हती. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होत आली, तेव्हा विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ दीक्षा घेऊन कित्येक वर्षे उपदेश करीत होता, पण त्याचे स्वतःचे अंतःकरण पालटले नव्हते. आणि एके दिवशी उपदेश करता करताच त्याची स्वतःचीच खात्री पटली. हे वाचून रमाबाई विचारात पडल्या. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने पटवून घेतला, पण त्या धर्माचा प्रभू आपणांस लाभला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. विद्येचा, नीतीचा व सत्कर्मांचा आधार सोडून त्या केवळ पापी म्हणून ख्रिस्ताच्या चरणी आल्या. तारण हे मजुरी नव्हे, देणगी आहे, हे त्यांना तेव्हा कळले.

यानंतर त्यांच्यावर संकटे कमी झाली असे नाही. १८९३ साली सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, अशी ओरड झाली. रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बाईंनी आपली प्रार्थना लपवली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली मरणाच्या दाढेतून आणल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली ती स्त्री आता दुसऱ्यांच्या लेकरांची माय झाली. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. पतित स्त्रियांसाठी तेथे कृपा सदनही होते.

१९०५च्या आरंभी, वेल्स देशातील संजीवनाची वार्ता ऐकून, केडगावच्या स्त्रियांनी नित्य प्रार्थना सुरू केली. जूनच्या अखेरीस मुली रडून आपापली पापे कबूल करू लागल्या. ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता त्यांनाही पश्चात्तापाची गरज भासली, यात नवल नाही. त्यांची आई त्याच वाटेने गेली होती.

पुढे बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातील साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. तो घावही सोसून त्यांनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते शास्त्र १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

खर्डी, शहापूर व मुरबाड या भागांतील शेतकरी बंधूंनो, पावसापूर्वी राब का भाजतात हे तुम्हांस सांगायला नको. न भाजलेल्या वाफ्यात भात पेरले, तर तणही त्याच्याबरोबर उठते आणि रोप दुबळे राहते. बी चांगले होते, पाऊसही चांगला होता. जमीन मात्र तशीच राहिली. पश्चात्तापावाचून घेतलेला बाप्तिस्मा असाच आहे. घरच्यांबरोबर नाव नोंदवले, शाळा मिळाली, मंडळीत मान मिळाला. पण भावाशी वैर, सावकारी लोभ किंवा गुप्त व्यसन यांवर राज्य आपलेच राहिले, तर बंड मिटलेले नाही. पकडले गेल्याची लाज म्हणजे पश्चात्ताप नव्हे. राज्य देवाच्या हाती देऊन मागे फिरणे, बळकावलेले परत करणे, दुखावलेल्याची क्षमा मागणे, ही त्याची फळे होत.

उपदेशकहो, विशेषतः तुम्ही हॅस्लम पाळकाची गोष्ट मनात ठेवा. जो इतरांस रोज वाट दाखवतो, त्याने स्वतः ती चालली आहे की नाही, हे आज रात्री देवासमोर एकांतात विचारावे. पंडितेला जे करण्यास कमीपणा वाटला नाही, ते करण्यास आपण का लाजावे? प्रभू आपणां सर्वांस नम्र अंतःकरण देवो.