पंडिता रमाबाई व अनाथ लेकरे

रेणापूर व त्याच्या आसपासच्या खेड्यांसारख्या गावांतील मुलेमुली आता शिक्षणाकरिता व नोकरीकरिता समुद्रापलीकडे जाऊ लागली आहेत. तिकडे राहत असता सुट्टीच्या दिवशी एखाद्या अनाथालयात जावे, तेथील लेकरांस चार अक्षरे शिकवावी, त्यांच्याशी खेळावे, अशी इच्छा त्यांपैकी कित्येकांस होते. इच्छा चांगली आहे. परंतु ज्या लेकराने आईबाप गमावले आहेत, त्यास जीव लावून मग निघून जाणे म्हणजे त्याची जुनी जखम पुन्हा उघडणे होय. म्हणून ही सेवा कशी करावी हे अगोदर शिकले पाहिजे. ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या स्वतः पोरक्या झाल्या होत्या. परदेशात राहून त्या दुसऱ्यांच्या सेवागृहांत शिकल्या. आणि पुढे परदेशच्या लोकांनी येऊन जेथे सेवा केली, ते घरही त्यांनीच उभारले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, व आईने ती विद्या रमेस दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. मद्रास इलाख्यातील दुष्काळात हातचा पैसा सरला, भांडीकुंडी गेली, आणि १८७४ साली वडिलांनी प्राण सोडला. त्यांच्यामागोमाग आई व वडील बहीणही गेल्या. त्या वेळी रमा सोळा वर्षांची होती.

मग ती व तिचा भाऊ श्रीनिवास हिंदुस्थानभर पायी फिरली. कधी रानातला पाला खाऊन दिवस काढावा, आणि अंगावर पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खळगा करून, मानेपर्यंत वाळू ओढून थंडीची रात्र घालवावी, असे त्यांचे हाल झाले. पोरक्या मुलाची भूक म्हणजे काय हे रमाबाईंस कोणी शिकवावे लागले नाही.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ साली पतीस पटकीने नेले. तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. वैद्यकी शिकावी ह्या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांचे ऐकणे मंद होत चालले होते, त्यामुळे तो हेतू तडीस गेला नाही.

वॉन्टेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांस व मनोरमेस आसरा दिला. तेथेच १८८३ च्या सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ह्या भगिनींनी रमाबाईंस काही दिवस लंडनातील आपल्या एका घरी धाडले. फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांकरिता सेवागृह होते. समाजाने दार लावून घेतलेल्या त्या स्त्रियांशी तेथील भगिनी बहिणीप्रमाणे वागत, त्यांस काम शिकवीत, व पुढे त्यांतल्याच काही स्त्रिया दुसऱ्यांच्या सेवेस लागत. हे पाहून रमाबाई चकित झाल्या. आपल्या देशात अशा स्त्रीस कोणी जवळ करीत नाही, हा विचार त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुलहॅमास त्या उपकार करावयास गेल्या नव्हत्या. शिष्या होऊन गेल्या, म्हणून त्यांस पुष्कळ मिळाले.

पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात शिकत व शिकवीत त्या राहिल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभाकरिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. थोड्या दिवसांकरिता गेलेल्या बाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या, आणि एवढ्या थोर विदुषी असून बालकांच्या शिक्षिकांबरोबर बसून फ्रेबेलची बालोद्यान पद्धती शिकल्या. लहान मुलाच्या हाती वस्तू द्यावी, खेळातून त्याची बुद्धी जागी करावी, छडीचे भय घालू नये, ही ती पद्धती. ह्या काळात मनोरमेस वॉन्टेजच्या भगिनींच्या हाती काही काळ सोपवावे लागले. परक्या हातांत आपले मूल ठेवताना आईस काय वाटते, हेही अशा रीतीने त्यांच्या अनुभवास आले.

१८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने कबूल केले. १८८९ साली बाई स्वदेशी परतल्या व ११ मार्च रोजी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. मुली बाईंच्या प्रार्थनेस येऊन बसतात म्हणून १८९३ साली मोठा वाद माजला. सल्लागार मंडळातील वजनदार गृहस्थ दूर झाले व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी काम सोडले नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात घोर दुष्काळ पडला. आपल्या बाळपणीचा दुष्काळ आठवून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली व तरुण विधवा त्यांनी पाहिल्या, आणि सुमारे ३०० जणींस घेऊन त्या परतल्या. पुण्यास प्लेगाची साथ असल्यामुळे केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. ह्या स्थळास मुक्ती हे नाव पडले. लातूरहून पुण्यास आगगाडीने जाताना दौंड मागे पडल्यावर केडगावचे स्टेशन लागते, ते हेच. ब्रिस्टल येथे हजारो अनाथांस सांभाळणारे जॉर्ज म्यूलर ह्यांचे चरित्र बाईंनी वाचले होते, व त्याचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. १८९९–१९०० चा दुष्काळ तर आपल्या मराठवाड्यासही भोवला. त्या वेळी गुजरातेतून शेकडो मुली आणल्या, व मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींस केवळ पोसणे पुरेसे नव्हते. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या विधवा त्यांच्या शिक्षिका व सांभाळ करणाऱ्या झाल्या. शेती, विणकाम, छापखाना, स्वयंपाक, शिवण ही कामे मुली शिकल्या. आंधळ्यांस बोटांनी वाचावयास मनोरमाबाईंनी शिकविले. जी काल उपाशी आली, ती उद्या दुसरीस वाढू लागली. फुलहॅमचा धडा केडगावच्या मातीत असा रुजला.

ह्या कामास अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथून मदतनीस आले. त्यांतील मिनी एब्रम्स ह्यांचे नाव अवश्य सांगितले पाहिजे. १८५९ साली अमेरिकेत जन्मलेल्या ह्या बाई १८८७ साली मेथडिस्ट मिशनतर्फे मुंबईस आल्या होत्या. मुक्तीचे काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी ह्या देशात दहा वर्षे घालविली होती. १८९८ साली रमाबाईंस अमेरिकेस जावे लागले, तेव्हा मुक्तीचा भार त्यांनी वाहिला व पुढेही बरीच वर्षे तेथे सेवा केली. १९१२ साली त्यांस हिंदुस्थानातच मरण आले. चार दिवसांची पाहुणी व घरची बाई ह्यांतला भेद अशा आयुष्यावरून कळतो.

रमाबाईंची दृष्टी निजामाच्या राज्याकडेही होती. लातूरच्या दक्षिणेस गुलबर्गा येथे मुक्तीतर्फे शाळा निघाली व मनोरमाबाईंनी ती चालविली. १९१९ साली सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले. अखेरची वर्षे त्यांनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. १९२१ साली मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या लातूर जिल्ह्यातही कित्येक लेकरे एका क्षणात पोरकी केली. तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. संकट येते तेव्हा धावून जाणारे पुष्कळ असतात. वर्षे लोटल्यावरही जो जवळ असतो, त्याचीच लेकरास खरी गरज असते.

म्हणून दूर देशी असलेल्या तरुणांनो, अनाथालयात जावयाचे असेल तर अवश्य जा. परंतु आधी तेथल्या माणसांकडून शिका, त्यांचे नियम पाळा, आणि जितके दिवस याल म्हणून सांगाल तितके दिवस नेमाने या. लेकरास खोटी आशा लावू नका. आणि गावी राहिलेल्या बंधुभगिनींनो, आता काळ व कायदा बदलला आहे. निराधार मूल दिसल्यास ते आपण होऊन उचलून नेऊ नये. १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे, म्हणजे ते बालकल्याण समितीपुढे नेले जाते. मामा, काकू, आजी कोणी असेल तर लेकराने आपल्या माणसांतच वाढावे, व त्या घरास धान्याची, वह्यापुस्तकांची मदत आपण करावी. रेणेच्या काठी बसूनही ही सेवा करता येते.