घरोट आणि छापखाना

एकटी नर्तकी, तिच्या पाठीमागे कवितेचे शब्द आणि यंत्राच्या ठोक्यांवर बेतलेले संगीत, असा प्रयोग रंगमंचावर झाला की आपण त्यास अभिनव म्हणतो. परंतु देह, शब्द आणि यंत्र यांचा मेळ एकाच व्यक्तीने घालावा, ही गोष्ट खानदेशास अपरिचित नाही. बहिणाबाई चौधरी यांनी हा मेळ रंगमंचावाचून आणि प्रेक्षकांवाचून आयुष्यभर घातला.

१८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या. तिशीतच वैधव्य आले. पदरी तीन मुले, शेतीचे कष्ट आणि अक्षरओळख नाही, अशा स्थितीत त्यांची कविता जन्मली. तिचे वाद्य म्हणजे घरोट, अर्थात जाते. एक पाय पसरलेला, खुंट्यावर हात, कमरेपासून पुढेमागे झुलणारे शरीर आणि दगडाची संथ घरघर. घास टाकण्यासाठी हात थांबे, तेथे ओळही विसावे. ओवीची लय त्यांना कोणी शिकविली नाही. ती श्रमातूनच आली. हे बसल्या जागीचे नृत्यच होते. मात्र त्यातून पीठ पडत असल्यामुळे त्यास कोणी कला म्हटले नाही.

अर्थशास्त्रानेही त्याची दखल घेतली नाही. गिरणीत दळलेल्या पिठाची मजुरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. घरी दळलेल्या पिठाची नाही. गिरणी आली, बायकांचे हात मोकळे झाले, ही इष्टच गोष्ट होय. पण त्याबरोबर दळणाची गाणीही थांबली, हा तोटा कोणत्याच हिशेबात नोंदला गेला नाही.

बहिणाबाईंना यंत्राचा तिटकारा नव्हता. जळगावातील छापखान्याच्या धडधडीवर त्यांनी कविता रचली आणि छपाईने शहाणा होणारा कागद पाहून माणसाच्या अडाणीपणावर नेमके बोट ठेवले. पुढे त्याच यंत्राने त्यांना अमर केले. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि एक आप्त यांनी काही रचना उतरवून ठेवल्या होत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली संग्रह प्रसिद्ध झाला. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ही गाणी ध्वनिमुद्रिकेवर चढविली. घरोटावर जुळलेले शब्द अशा रीतीने दुसऱ्या एका फिरत्या तबकडीवरून घरोघरी पोहोचले.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या विद्यापीठास २०१८ पासून त्यांचे नाव आहे. हा गौरव उचितच आहे. तथापि बहिणाबाई वाचल्या, त्या घरात लिहिणारा मुलगा होता म्हणून. ज्यांच्या घरी तो नव्हता, अशा किती जणींच्या ओव्या पिठाबरोबर सांडून गेल्या असतील! जात्यावर बसलेल्या काही वृद्ध स्त्रिया धुळे-जळगावच्या खेड्यांत अजून आहेत आणि ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आज विद्यार्थ्याच्या खिशात आहे. सोपानदेवांनी एका घरापुरते केलेले काम या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव करावे. नाव धारण करण्याची खरी किंमत तीच होय.