नोकरी गेली आणि सुगरणीच्या खोप्याचं गुपित उलगडलं : सलीम अलींच्या किहीममधल्या पावसाळ्याची गोष्ट

सुगरण म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पिल्लांसाठी घर विणणारी आई. शाळेत शिकलेल्या बहिणाबाईंच्या कवितेमुळे हे चित्र मनात पक्कं बसलंय. पण खोपा विणते ती मादी नाही, विणतो तो नर. आणि त्याच्या संसाराची खरी गोष्ट समोर आणली ती पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी, तेही हातात नोकरी नसताना.

पदवी नाही, नोकरी नाही

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी मुंबईतल्या खेतवाडीत त्यांना वाढवलं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचे झाले.

पुढे मात्र विद्यापीठाची पदवी नसल्याने झूलॉजिकल सर्व्हेमधली नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररचं काम मिळालं. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशांअभावी ते पदच रद्द झालं होतं.

मुंबईत राहणं परवडेना. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला आले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला आणि त्यांनी रोज निरीक्षण सुरू केलं.

त्यांना काय दिसलं?

सुगरणीच्या झाडावर काही खोपे पूर्ण असतात, तर काही अर्धवट, हेल्मेटसारखे. अर्धे खोपे नराला झोके घ्यायला असतात, असा समज होता. आतल्या चिखलाच्या गोळ्यात तो काजवे चिकटवून उजेड करतो, असंही सांगितलं जाई.

सलीम अलींना दिसलेला क्रम वेगळाच होता :

• पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या आणि पात्यांच्या धाग्यांनी खोपा अर्ध्यापर्यंत विणतो आणि थांबतो.
• माद्या आल्या की वसाहतीतले नर खोप्याला लटकून पंख फडफडवतात, कलकलाट करतात. हे माद्यांना दिलेलं आमंत्रण असतं.
• मादी खोप्यात शिरून पाहणी करते. पसंत पडला तर राहते, नाहीतर पुढच्या खोप्याकडे जाते.
• पसंती मिळाल्यावरच नर खाली लोंबणारी नळी विणून खोपा पुरा करतो.
• मादी अंडी उबवायला बसली की तो शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसर्‍या मादीसाठी.

म्हणजे अर्धवट राहिलेले बरेचसे खोपे कोणत्याही मादीने न निवडलेले असतात. एका हंगामात एकामागून एक जोडीदार करण्याच्या या पद्धतीला क्रमिक बहुपत्नीत्व म्हणतात. १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचं नाव झालं.

हे महत्त्वाचं का?

त्या काळी पक्षीशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारून, पेंढा भरून त्यांचे नमुने जमवणं. पण पेंढा भरलेला पक्षी कसा दिसतो एवढंच सांगतो. तो कुणाला बोलावतो, कुणाकडून नाकारला जातो, हे सांगत नाही. त्यासाठी जिवंत पक्ष्यासमोर तासन्‌तास बसावं लागतं. किहीममध्ये सलीम अलींकडे वेळच वेळ होता.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. त्यानंतरही सलीम अलींचं काम थांबलं नाही. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं गाजलेलं पुस्तक आलं, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८७ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मुलुंड-भांडुपच्या खाडीकडच्या गवताळ भागात पावसाळ्यात आजही सुगरणी दिसतात. तिथे एखादा अर्धवट खोपा लटकताना दिसला, तर तो विणणारा नर आळशी होता असं समजू नका. त्याने आमंत्रण दिलं होतं, होकार मात्र आला नाही.