ॲलन ट्युरिंग

ॲलन मॅथिसन ट्युरिंग (२३ जून १९१२, लंडन – ७ जून १९५४, विल्म्सलो) हे इंग्लिश गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्राचे आद्य प्रवर्तक होते. लांबलचक आज्ञावली लहान, नाव दिलेल्या भागांत विभागण्याची आज रूढ असलेली रीत त्यांच्या लेखनात प्रत्यक्ष संगणक तयार होण्यापूर्वीच आढळते.

बालपण आणि शिक्षण

ट्युरिंग यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यामुळे ॲलन व त्यांचे थोरले बंधू जॉन यांचे बालपण इंग्लंडमध्ये बव्हंशी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी गेले. शेरबोर्न येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गणिताचा अभ्यास केला.

आज्ञावलीची विभागणी

१९३६ च्या शोधनिबंधात त्यांनी एका कल्पित गणनयंत्राची संकल्पना मांडली. यंत्राच्या सर्व कृती सलग लिहिल्या असत्या, तर यादी अवाढव्य झाली असती. म्हणून चिन्ह शोधणे, पुसणे, नक्कल करणे, तुलना करणे अशा वारंवार लागणाऱ्या कृतींची त्यांनी छोटी कोष्टके केली, प्रत्येकास संक्षिप्त नाव दिले आणि मोठी कोष्टके त्यांतून रचली. तरीही त्यांत काही चुका राहिल्या. एमिल पोस्ट यांनी १९४७ मध्ये दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनीचे एनिग्मा संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. युद्धानंतर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्यांनी एसीई या संगणकाचा आराखडा तयार केला. एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाताना परतीचे ठिकाण स्मृतीत पुरून ठेवावे व काम संपल्यावर उकरून काढावे, अशी योजना त्यात होती.

२४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत त्यांनी मोठी आज्ञावली तपासण्याचा प्रश्न हाताळला. मोठ्या बेरजेत हातचे लिहून ठेवल्यास प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. त्याचप्रमाणे ठरावीक टप्प्यांवर कोणती विधाने खरी असली पाहिजेत हे नोंदवल्यास, एकेक टप्पा पडताळून संपूर्ण आज्ञावलीची अचूकता सिद्ध करता येते, हे त्यांनी क्रमगुणिताच्या उदाहरणातून दाखवले. हा निबंध दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. पुढे रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) व टोनी होअर (१९६९) यांनी याच दिशेने पद्धतशीर मांडणी केली.

अखेरची वर्षे

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल ते तत्कालीन कायद्यानुसार दोषी ठरले आणि कारावासाऐवजी त्यांना संप्रेरकांचे उपचार स्वीकारावे लागले. वयाच्या ४१ व्या वर्षी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचे निधन झाले. चौकशीत ती आत्महत्या ठरवण्यात आली. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजक्षमा देण्यात आली.