सृष्टिशास्त्रज्ञ कै. शंकर पुरुषोत्तम आघारकर

कराडच्या प्रीतिसंगमावर जो एकदां बसला आहे त्याला तेथील शोभा वर्णन करून सांगावयास नको. महाबळेश्वरीं उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना ह्या दोघी बहिणी वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून येथें समोरासमोर येऊन एकमेकींस मिळतात. गेल्या वर्षीं उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वीं आठवीच्या वर्गांतील कांहीं मुलांना घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. संध्याकाळची वेळ होती, नदीचें पाणी उतरलेलें होतें, आणि मुलें पायऱ्यांवर बसून गप्पा मारीत होतीं. त्यांपैकीं एका मुलाचे आजोबा थोड्याच दिवसांपूर्वीं वारले होते. इतका वेळ तो गप्प होता. त्यानें एकदम आम्हांस विचारलें कीं, म्हातारपण सर्वच प्राण्यांना येतें काय? ज्याला तें येत नाहीं असा एकही जीव जगांत नाहीं काय? आम्हीं क्षणाचाही विचार न करतां सांगून टाकलें कीं, जें जन्मास आलें तें जीर्ण व्हावयाचेंच. ह्याला अपवाद नाहीं. मुलगा पुढें कांहीं बोलला नाहीं.

उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों खरे, परंतु मनाला चुटपुट लागून राहिली. तें उत्तर आम्हांस कोठून मिळालें होतें? आम्हीं तें पाहिलें नव्हतें, मोजलें नव्हतें, तपासलें नव्हतें. सर्वजण म्हणतात म्हणून आम्हीही म्हटलें होतें. पुढें सुटींत थोडें वाचन केलें तेव्हां कळून आलें कीं, आमचें उत्तर चुकलें होतें. आणि नवल हें कीं, खऱ्या उत्तराचा माग काढीत असतां आपल्याच नद्यांच्या पाण्यांतला एक चिमुकला प्राणी आम्हांस भेटला, आणि ज्या मराठी गृहस्थांनीं तो शास्त्रज्ञांच्या दृष्टीस आणून दिला त्यांच्या चरित्राचीही ओळख झाली. तें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलमंडळींपुढें ठेवीत आहों.

त्यांचें नांव शंकर पुरुषोत्तम आघारकर. कराडच्या वाचकांनीं येथें नामसादृश्यानें फसूं नये. सुधारककर्ते गोपाळ गणेश आगरकर हे आपल्या तालुक्यांतील टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मले. ते निराळे आणि हे आघारकर निराळे. मात्र योगायोग असा कीं, पुण्यास आघारकरांच्या नांवाची जी संशोधनसंस्था आहे ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्या रस्त्याला गोपाळरावांचें नांव आहे. एकानें समाजाच्या रूढींना प्रश्न विचारला, दुसऱ्यानें सृष्टीला विचारला. तेव्हां दोघांचीं नांवें अशीं शेजारीं आलीं हें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजीं कोंकणांत मालवण येथें झाला. पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं सृष्टिशास्त्राचा अभ्यास केला, एम. ए. ची पदवी मिळविली आणि ते जीवशास्त्राचे अध्यापक झाले. त्या काळीं आपल्याकडील हुशार मुलगा बहुधा वकिलीकडे किंवा सरकारी नोकरीकडे वळे. किडे, शेवाळ आणि झुडुपें ह्यांच्या मागें रानोमाळ हिंडणारा पदवीधर लोकांना विचित्रच वाटत असला पाहिजे. परंतु आघारकरांना पुस्तकांतल्या चित्रांवर समाधान नव्हतें. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून पायीं फिरावें, ओढ्यांत उतरावें, दिसेल तें बारकाईनें पाहावें आणि टिपून ठेवावें, हा त्यांचा छंद होता.

अशाच भटकंतींत आपल्या सातारा जिल्ह्यांत त्यांना तो प्राणी सांपडला. कृष्णेला मिळणाऱ्या वेण्णा व कोयना ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या कुशींत, उन्हाळ्यांत पाणी आटून जे डोह उरतात त्यांत कांचेसारखे पारदर्शक, नाण्याएवढे गोल जीव तरंगत होते. लहानशी छत्री उघडावी आणि मिटावी त्याप्रमाणें अंग आंखडून व पसरून ते पोहत, आणि छत्रीच्या कडेला सुतासारखे बारीक तंतू लोंबत असत. हा जेलीफिश होय. समुद्रकांठच्या माणसाला जेलीफिशाचें नवल नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला तर नाहींच नाहीं. म्हणूनच कदाचित् आघारकरांना ह्या गोष्टीचें अधिक आश्चर्य वाटलें असेल. कारण खाऱ्या पाण्यांतला म्हणून ओळखला जाणारा हा जीव समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे, गोड्या पाण्यांत कसा?

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. हे जीव कांहीं त्या वर्षीं नव्यानें आले नव्हते. त्या डोहांवर गुरें पाणी पीत होतीं, मुलें पोहत होतीं, आणि त्यांना हे जीव दिसलेही असतील. परंतु दिसणें वेगळें आणि पाहणें वेगळें. जें डोळ्यांपुढें आहे तें येथें कां असावें असा प्रश्न ज्याच्या मनांत उठतो त्यालाच तें खऱ्या अर्थानें दिसतें.

प्रश्न उठल्यावर आघारकरांनीं त्याचें उत्तर मनानें बसविलें नाहीं. ह्या जिवांची वार्ता कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख डॉ. नेल्सन अ‍ॅनंडेल ह्यांच्याकडे गेली. अ‍ॅनंडेल ह्यांनीं नमुने तपासून १९११ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि प्राण्याला लिम्नोक्निडा इंडिका असें शास्त्रीय नांव दिलें. पुढें १९१२ सालीं आघारकरांनीं त्याच संस्थेंतील ग्रेव्हली ह्यांच्यासह ह्या प्राण्याच्या संवयी आणि त्याचीं ठिकाणें ह्यांविषयीं टिपण लिहिलें.

ह्या शोधाचें महत्त्व काय, हें समजण्यासाठीं आफ्रिकेंत जावें लागतें. तेथें टांगानिका नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. १८८३ सालीं त्यांत गोड्या पाण्यांतला जेलीफिश आढळला, तेव्हां शास्त्रज्ञ चकित झाले. मूर नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें त्यावरून अनुमान काढलें कीं, हें सरोवर पुरातन काळीं समुद्राचाच भाग असावें, आणि समुद्र मागें हटला तरी हे जीव तेथेंच अडकून राहिले असावेत. अनुमान मोठें मोहक होतें. परंतु पुढें त्याच जातकुळीचे जीव आफ्रिकेंतल्या इतर पाण्यांतही मिळाले, आणि शेवटीं आघारकरांमुळें ते थेट सह्याद्रीच्या डोहांत सांपडले. सह्याद्रीचा काळा पाषाण हा समुद्राचा तळ नव्हे. तो ज्वालामुखींतून वाहून आलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. ज्या ओढ्यांचा समुद्राशीं असा संबंध नाहीं त्यांतही हा जीव सुखानें नांदतो असें दिसल्यावर, जेलीफिश आहे म्हणून येथें समुद्र होता असें म्हणण्यास आधार उरला नाहीं. शास्त्राची रीत अशी आहे. कल्पना कितीही सुंदर असो, तिला प्रत्यक्षाच्या दारांत उभें राहावें लागतें. तेथें सातारा जिल्ह्यांतल्या नाण्याएवढ्या जिवाचा शब्दही मोठ्या पंडिताच्या शब्दापेक्षां वजनदार ठरूं शकतो.

ह्यानंतर आघारकरांच्या आयुष्यानें वळण घेतलें. १९१४ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयानें त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक नेमलें आणि अधिक अभ्यासासाठीं ते जर्मनीस गेले. त्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. आघारकर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. तेव्हां शत्रूच्या देशांत त्यांना कांहीं काळ नजरकैदेंत राहावें लागलें. दुसरा एखादा ह्या संकटानें खचून गेला असता. त्यांनीं मात्र आपला अभ्यास सोडला नाहीं. उत्तर व वायव्य हिंदुस्थानांतील कोरड्या मुलखांत वाढणारीं झुडुपें तेथें कोठून आलीं व कशीं पसरलीं, ह्या विषयावर प्रबंध लिहून १९१९ सालीं त्यांनीं बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. विषय पाहिला तर प्राणी जाऊन वनस्पति आल्या, परंतु प्रश्न तोच राहिला: हा जीव येथेंच कां?

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं १९४६ पर्यंत कलकत्त्यास अध्यापन केलें. त्या वर्षीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. साठी उलटलेली असतांना, जेव्हां इतर लोक विश्रांतीचा विचार करतात तेव्हां, आघारकर ह्या नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले आणि तिच्या उभारणींत त्यांनीं उरलेलें आयुष्य वेंचलें. २ सप्टेंबर १९६० रोजीं, पाऊणशें वर्षें पुरीं करून, ते वारले. १९९२ सालीं संस्थेच्या संशोधनमंदिरास त्यांचें नांव देण्यांत आलें. एम. ए. सी. एस. ह्या आद्याक्षरांनीं ओळखले जाणारे सोयाबीनचे व गव्हाचे वाण आपल्या शेतकरी पालकांनीं ऐकले असतील. ते ह्याच संस्थेंत निपजले आहेत.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. गोड्या पाण्यांतल्या जेलीफिशाचें आयुष्य दोन रूपांत चालतें. एक रूप आपण पाहिलें, तें छत्रीसारखें पोहणारें. तें थोडेच दिवस टिकतें. दुसरें रूप पॉलिप नांवाचें. तें अति सूक्ष्म असून दगडाला चिकटून राहतें, त्याला अंकुर फुटतात, आणि त्या अंकुरांतून नवे पॉलिप व नव्या छत्र्या निर्माण होतात. आंब्याचा मोहोर गळला म्हणून झाड मेलें असें कोणी म्हणत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. मग ह्या प्राण्याचें वय कोणतें धरावें, छत्रीचें कीं दगडावरच्या मुळाचें? म्हातारपण हा शब्द आपण माणसाकडे पाहून बनविला आहे. तो प्रत्येक जिवाला बेतून शिवल्यासारखा बसेलच असें नाहीं.

ह्याच वर्गांतला हायड्रा नांवाचा एक बारीक जीव तळ्यांतून आढळतो. तो म्हातारा होतो कीं नाहीं हें कसें ओळखावें? त्याला सुरकुत्या पडत नाहींत, केस पिकत नाहींत. तेव्हां मोजणी हाच उपाय. वृद्धत्व येत असेल तर जसजशीं वर्षें जातील तसतसें मरणाचें प्रमाण वाढलें पाहिजे आणि प्रजा कमी झाली पाहिजे. मार्टिनेझ नांवाच्या शास्त्रज्ञानें, हायड्रालाही वार्धक्य चुकत नाहीं हें सिद्ध करावें ह्याच हेतूनें चार वर्षें हायड्रे पाळून मोजणी केली. १९९८ सालीं त्यानें जो निष्कर्ष छापला तो त्याच्या अपेक्षेच्या अगदीं उलट होता: मरणाचें प्रमाण वाढलें नव्हतें. पुढें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं दोन हजारांहून अधिक हायड्रे आठ वर्षें तपासले आणि २०१५ सालीं पुन्हां तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. हायड्राच्या शरीरांतील पेशी सतत नव्या होत राहतात, हें त्याचें एक कारण आहे. समुद्रांतला टुरिटॉप्सिस नांवाचा एक लहान जेलीफिश तर इजा किंवा उपासमार झाली असतां छत्रीचें रूप टाकून पुन्हां पॉलिप बनतो, जणूं म्हातारा पुन्हां पाळण्यांत गेला.

परंतु येथेंही घाई करूं नये. हे जीव अमर नाहींत. त्यांना मासे खातात, रोग होतात, डोह आटला कीं ते मरतात. शिवाय हायड्राचीच एक जात थंडी पडून प्रजोत्पादनास लागली म्हणजे कांहीं महिन्यांत जीर्ण होऊन मरते. म्हणून खरें उत्तर इतकेंच: बहुतेक प्राण्यांना वार्धक्य येतें, कांहींत तें आढळलेलें नाहीं, आणि हायड्रावरून माणसाविषयीं अनुमान काढतां येत नाहीं. आमच्या पहिल्या उत्तरापेक्षां हें उत्तर लांब आहे, परंतु तें खरें आहे.

सुटी संपल्यावर आम्हीं त्या मुलाला बोलावून आमची चूक कबूल केली आणि हें सर्व सांगितलें. त्याचे आजोबा त्यामुळें परत येणार नव्हते, हें त्याला कळत होतें व आम्हांसही. तरी त्याचा चेहरा उजळला. आपला प्रश्न वेडगळ नव्हता, मोठमोठ्या विद्वानांनीं त्याच्यापायीं वर्षेंच्या वर्षें घालविलीं आहेत, ह्याचा त्याला आनंद झाला असावा. लगेच त्यानें दुसरा प्रश्न केला: संगमाच्या पाण्यांतही ते जेलीफिश सांपडतील काय? ह्या वेळीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळते आणि कोयना येथें मिळते. म्हणजे ज्या पाण्यांत आघारकरांना ते जीव सांपडले तें सारें पाणी आपल्या घाटाशीं येतें. म्हणून येत्या उन्हाळ्यांत, नदी उतरल्यावर, वडील माणसांना बरोबर घेऊन, स्वच्छ कांचेचें भांडें भरून आपण स्वतः पाहूं, असें आमचें ठरलें आहे. सांपडले तर लिहून ठेवूं. न सांपडले तर तेंही लिहून ठेवूं. कै. आघारकरांचें स्मरण करण्याचा ह्याहून योग्य मार्ग आम्हांस दिसत नाहीं.