ज्यांच्या इंजिनांवर झेपेलिन उडाले : विल्हेल्म मायबाख

१८५६ साली श्टुटगार्टच्या वर्तमानपत्रात एक लहानसे आवाहन छापून आले. एका सुताराची मुले पोरकी झाली होती. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि वडीलही आता बुडून मरण पावले होते. सहृदय माणसांनी या मुलांना आधार द्यावा, अशी त्यांच्या हितचिंतकांची विनंती होती. त्या भावंडांपैकी दहा वर्षांच्या विल्हेल्मला रॉयटलिंगेन गावच्या ‘ब्रुडरहाउस’ या अनाथाश्रमाने ठेवून घेतले. हाइलब्रॉन येथे ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जन्मलेला हा मुलगा पुढे मोटारगाडीचे आधुनिक रूप घडविणार होता आणि त्याच्या आडनावाची इंजिने जर्मनीच्या महाकाय हवाई जहाजांना समुद्रापार नेणार होती.

आज ‘मायबाख’ म्हटले की दुबईच्या किंवा लंडनच्या रस्त्यावरची अतिश्रीमंतांची गाडी आठवते. पुण्याजवळच्या चाकणमध्येही या नावाच्या मर्सिडीज गाड्यांची जुळणी होते. नाव असे ऐश्वर्याला चिकटले आहे. ज्या माणसाचे ते होते, त्याने मात्र आयुष्याचा बराच काळ दुसऱ्यांच्या नावाने चाललेल्या कारखान्यांत नकाशे काढण्यात घालवला.

ब्रुडरहाउस हा नुसता अनाथाश्रम नव्हता. त्याचे संस्थापक गुस्टाव्ह वेर्नर यांनी आश्रमाला जोडून कारखाने उभारले होते, मुलांना हाताला काम मिळावे म्हणून. या मुलाचा हात रेखाटनात चालतो हे वेर्नर यांनीच हेरले आणि त्याला कारखान्याच्या आरेखन कचेरीत बसवले. दिवसा कचेरी आणि संध्याकाळच्या वर्गात पदार्थविज्ञान व चित्रकला, असे त्याचे शिक्षण झाले. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही.

१८६०च्या दशकाच्या मध्यास त्या कारखान्याची सूत्रे गॉटलीब डाइमलर यांच्याकडे आली. डाइमलर वयाने बारा वर्षांनी मोठे, महत्त्वाकांक्षी, काहीसे तापट. मायबाख अबोल आणि कागदावर विचार करणारे. ही जोडी डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत तुटली नाही. डाइमलर कार्ल्सरूहला गेले, मायबाख मागोमाग गेले. १८७२मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉयट्झ येथील गॅस इंजिनांच्या कारखान्यात तांत्रिक प्रमुख झाले. मायबाख तेथे मुख्य रचनाकार झाले. निकोलाउस ऑटो यांचे चार आवर्तनांचे इंजिन १८७६मध्ये याच कारखान्यात जन्माला आले. मूळ कल्पना ऑटो यांची. पण प्रयोगातले ते यंत्र कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडू शकेल अशा रूपात आणले ते मायबाख यांनी.

ऑटो आणि डाइमलर यांचे पटले नाही. १८८२मध्ये डाइमलर यांनी श्टुटगार्टशेजारच्या कानश्टाट येथे बंगला घेतला, त्याच्या बागेतल्या काचघराला विटांची जोड दिली आणि तेथे दोघांनी काम सुरू केले. दारे बंद, खिडक्या झाकलेल्या, रात्रंदिवस ठोकाठोकीचे आवाज. आत खोटी नाणी पाडली जात असावीत, अशी शंका माळ्याला आली आणि त्याने पोलिसांत वर्दी दिली. पोलीस मालकाच्या अपरोक्ष आत शिरले तेव्हा त्यांना केवळ हत्यारे आणि इंजिनाचे सुटे भाग दिसले.

त्या काचघरातील उद्योगाचा हेतू एकच होता : इंजिन हलके करणे. तत्कालीन गॅस इंजिन कारखान्याच्या जमिनीला जखडलेले, मिनिटाला दीडएकशे फेरे घेणारे अवजड धूड होते. मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारे आणि मिनिटाला ६०० फेरे घेणारे इंजिन रचले. उभ्या घड्याळासारखे दिसे म्हणून त्याला ‘आजोबांचे घड्याळ’ असे नाव पडले. १८८५मध्ये ते लाकडी दुचाकीवर बसले, पुढच्या वर्षी घोडागाडीत, मग नेकार नदीवरच्या होडीत. आणि ऑगस्ट १८८८मध्ये ते आकाशात गेले. लाइप्झिगचे पुस्तकविक्रेते व्योल्फर्ट हायड्रोजनच्या फुग्याखाली हाताने फिरवायचा पंखा लावून प्रयोग करीत होते; डाइमलर यांनी त्यांना कानश्टाटला बोलावून आपले इंजिन दिले. तो फुगा काही किलोमीटर जाऊन सुखरूप उतरला.

या यशात एक जीवघेणा दोष दडलेला होता. सिलिंडरमधले मिश्रण पेटवण्यासाठी एक नळी बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवावी लागे. रस्त्यावर ही युक्ती ऑटो यांच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ सरस होती. हायड्रोजनच्या पिशवीखाली उघडी ज्योत मात्र मृत्यूला आमंत्रण होते. १२ जून १८९७ रोजी बर्लिनच्या टेम्पेलहोफ मैदानावरून व्योल्फर्ट आपल्या नव्या जहाजातून वर गेले, जहाजाने पेट घेतला आणि ते व त्यांचा यांत्रिक दोघेही मरण पावले. डाइमलर इंजिनाची ज्योतच बहुधा त्याला कारण झाली. जळत्या नळीचे दिवस संपल्याचे याहून क्रूर प्रमाणपत्र दुसरे नव्हते. तीन वर्षांनी काउंट झेपेलिन यांचे पहिले जहाज उडाले तेव्हा त्याच्या इंजिनांवर रॉबर्ट बॉश यांचे विद्युत मॅग्नेटो होते.

दरम्यान १८९०मध्ये भांडवलदारांच्या पैशावर डाइमलर कंपनी उभी राहिली होती. नव्या मालकांनी देऊ केलेला करार मायबाख यांना अपमानास्पद वाटला आणि काही महिन्यांतच ते बाहेर पडले. डाइमलर यांचेही भागीदारांशी फाटले. त्यांनी स्वतःच्या पैशाने कानश्टाटच्या एका रिकाम्या हॉटेलात मायबाख यांना जागा करून दिली. कंपनीच्या दृष्टीने हा काळ हद्दपारीचा. मायबाख यांच्या दृष्टीने तो सर्वांत फलदायी होता. पेट्रोलचा बारीक फवारा उडवून ते हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर १८९३मध्ये याच हॉटेलात तयार झाला आणि पुढे कित्येक दशके जगभरची इंजिने याच तत्त्वावर श्वास घेत राहिली. इकडे कंपनी डबघाईला आली. अखेर ब्रिटनचे हक्क विकत घेऊ इच्छिणाऱ्या फ्रेडरिक सिम्स यांनी डाइमलर परत आले तरच पैसे देऊ अशी अट घातली, तेव्हा १८९५मध्ये दोघेही सन्मानाने परतले.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा होता, आणि मायबाख यांची खरी थोरवी येथेच दिसते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा थोडाच भाग कामी येतो. उरलेली बाहेर काढली नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. कारखान्यातल्या इंजिनाला नळाचे पाणी मिळे. चालत्या यंत्राने ते बरोबर वागवायचे, आणि जेवढी ताकद अधिक तेवढे पाणी अधिक. १८८९च्या गाडीत मायबाख यांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी खेळवले होते, पण ती युक्ती लहान इंजिनापुरतीच. १९००मध्ये त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला : सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या, नळ्यांतून वारा वाहणार आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी. थोडेसेच पाणी पुनःपुन्हा थंड होऊ लागले. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून बनलेल्या आणि त्याच्या मुलीचे नाव मिळालेल्या ‘मर्सिडीज’ गाडीवर हा रेडिएटर बसला. १९०१च्या वसंतात त्या गाडीने नीस येथील शर्यती मारल्या आणि फ्रेंच मंडळी मायबाख यांना रचनाकारांचा राजा म्हणू लागली.

वजनाचा हिशेब आकाशात अधिकच कठोर असतो. २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावरून उडालेले झेपेलिन यांचे पहिले जहाज १२८ मीटर लांब होते आणि त्याला ओढायला होती डाइमलर कंपनीची दोन इंजिने, प्रत्येकी सुमारे १४ अश्वशक्तीची. जहाज जेमतेम अठरा मिनिटे हवेत राहिले. सांगाडा तयार होता. उणीव होती ती इंजिनाच्या ताकदीची.

ते उड्डाण पाहायला डाइमलर नव्हते. मार्च १९००मध्ये त्यांचे निधन झाले होते. पाठीराखा गेला आणि मायबाख यांच्या पायाखालची जमीन सरकू लागली. ज्यांच्या गाड्यांनी कंपनीला कीर्ती दिली, त्यांनाच हळूहळू रचनेच्या मुख्य कामातून दूर करण्यात आले. १९०७मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपनी सोडली. बहुतेक चरित्रे येथे आवरती घेतात, आणि ते अन्यायाचे आहे.

५ ऑगस्ट १९०८ रोजी झेपेलिन यांचे चौथे जहाज इंजिनाच्या बिघाडामुळे एख्टरडिंगेन येथे उतरले. दुरुस्ती चालू असताना वादळाने ते उखडले आणि ते जळून खाक झाले. काउंट झेपेलिन यांचे सर्वस्व गेले असे वाटत असतानाच जर्मन जनतेने ६० लाखांहून अधिक मार्क वर्गणी गोळा करून दिली. त्यानंतर मायबाख यांनी हवाई जहाजासाठी खास इंजिन बनवण्याचा प्रस्ताव झेपेलिन यांच्यापुढे ठेवला. मोटारीचे इंजिन उचलून आकाशात नेण्याचा काळ संपला होता. जहाजाला तासन्‌तास एका लयीत चालणारे, बिघडले तर हवेतच दुरुस्त करता येईल असे यंत्र हवे होते. मार्च १९०९मध्ये बिसिंगेन येथे कंपनी स्थापन झाली. तिचे तांत्रिक प्रमुखपद मायबाख यांच्या मुलाने, कार्ल यांनी स्वीकारले आणि वडील सल्लागार राहिले. पहिले इंजिन सहा सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे, सुमारे १४५ अश्वशक्तीचे होते. १९१२मध्ये कारखाना झेपेलिनच्या शेजारी, फ्रीडरिशहाफेनला गेला.

मग महायुद्ध आले. प्रवासी नेणारी जहाजे बॉम्ब घेऊन इंग्लंडवर जाऊ लागली आणि त्या हल्ल्यांत ५००हून अधिक माणसे मेली. लढाऊ विमाने उंच चढू लागली तेव्हा जहाजांना त्याहून वर जाणे भाग पडले; पण विरळ हवेत इंजिनाचा दम तुटतो. कार्ल यांनी १९१६मध्ये ‘एमबी ४ ए’ हे २३ लिटरचे इंजिन काढले. त्याचे सिलिंडर मोठे आणि दाब मुद्दाम जास्त ठेवलेला, इतका की जमिनीलगत ते पूर्ण क्षमतेने चालवू नये; उंचीवर मात्र ते आपली ताकद टिकवून धरी. त्याच वर्षी श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने वृद्ध विल्हेल्म यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पोरक्या मुलाला मिळालेला हा मान युद्धाच्या ऐन धामधुमीतला आहे, हे विसरता येत नाही.

युद्धानंतर तहाने विमानांच्या इंजिनांवर बंदी आली आणि मायबाख कारखाना मोटारगाड्यांकडे वळला. आजचे ते ऐश्वर्यवंत नाव या बंदीतून जन्मले. पण हवाई जहाजे त्यांना सोडून गेली नाहीत. ऑगस्ट १९२९मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती पाच मायबाख इंजिनांवर, प्रत्येकी बारा सिलिंडरांची, ५५० अश्वशक्तीची.

विल्हेल्म मायबाख तेव्हा ८३ वर्षांचे होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला श्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले. कानश्टाटच्या ‘उफ’ दफनभूमीत, डाइमलर यांच्याच सान्निध्यात, त्यांना मूठमाती देण्यात आली.