मदत गेल्यावर मागे काय उरले?

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा व्रण असतो. तो बीसीजी लशीचा. आज सरकारी रुग्णालयात बाळ जन्मले की ही लस मोफत टोचली जाते आणि आईवडिलांना त्यात काही विशेष वाटत नाही. सत्तर वर्षांपूर्वी मात्र याच लशीवरून देशात मोठा वाद पेटला होता. त्या वादात सरकारची बाजू लढवत होत्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री, राजकुमारी अमृत कौर.

त्यांचे नाव आज बहुधा दिल्लीच्या ‘एम्स’च्या इतिहासात एखाद्या ओळीपुरते येते. पण १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत त्यांच्या मंत्रालयाने परदेशांकडून आणि आंतरराष्ट्रीय संस्थांकडून जी मदत घेतली, तिचा परिणाम आपण अजून अनुभवतो आहोत. त्यातले काही टिकले, काही विरले. का टिकले आणि का विरले, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की उमगते.

अमृत कौर यांचा जन्म लखनौचा, कपूरथळा संस्थानाच्या राजघराण्यातला. वडील राजा हरनाम सिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. भावंडांत ही एकटी मुलगी. शाळेचे शिक्षण इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात झाले. वडिलांकडे गोपाळ कृष्ण गोखले यांचे येणेजाणे असे आणि गोखल्यांमुळेच या मुलीला गांधीजींविषयी ओढ वाटू लागली. १९१९ मध्ये मुंबईत तिने गांधीजींची भेट घेतली. आईवडील हयात असेपर्यंत तिने घर सोडले नाही. बालविवाह आणि पडदा या प्रथांविरुद्ध काम मात्र चालू होते. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद उभी करणाऱ्यांत त्या होत्या. पुढे ही राजकन्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात राहायला आली आणि सुमारे सोळा वर्षे गांधीजींची सचिव म्हणून राबली. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवासही झाला. सेवाग्राममध्ये त्यांनी भारतीय खेड्यातले आजारपण जवळून पाहिले. त्या डॉक्टर नव्हत्या, पण ही ओळख पुढे कामी आली.

१९४७ मध्ये आरोग्य खाते हाती आले तेव्हाची परिस्थिती आजच्या तरुण डॉक्टरांना खरी वाटणार नाही. वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. क्षयाने मरणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या घरात धरला जाई. भोर समितीच्या अहवालानुसार त्रेचाळीस हजार लोकांमागे एक प्रशिक्षित परिचारिका होती. पेनिसिलिन परदेशातून येत होते. त्यात फाळणीच्या निर्वासितांच्या छावण्या आणि तिथल्या साथी.

आणखी एक अडचण होती. आरोग्य हा विषय राज्यांच्या अखत्यारीत. केंद्रातल्या मंत्रालयाकडे पैसा थोडा आणि अधिकार त्याहून थोडे. अशा वेळी परदेशांशी करार करून लस, औषधे, तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री आणायची आणि ती राज्यांपर्यंत पोहोचवायची, हा केंद्राच्या हातातला एक मोठा मार्ग होता. अमृत कौर यांनी तो पुरेपूर वापरला. जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले प्रादेशिक कार्यालय १९४९ मध्ये दिल्लीत उघडले. १९५० मध्ये जिनिव्हात भरलेल्या तिसऱ्या जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई व्यक्ती.

बीसीजीची मोहीम हे या सहकार्याचे पहिले मोठे फळ. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कँडिनेव्हियन देशांच्या रेडक्रॉस संस्था आणि युनिसेफ यांनी युरोपात क्षयाविरुद्ध लसीकरण सुरू केले होते. भारताने ते आपल्याकडे आणले. १९४८ मध्ये मदनपल्लीत सुरुवात झाली आणि त्याच वर्षी मद्रासजवळ गिंडी येथे लस तयार करणारी प्रयोगशाळा उभी राहिली. हा निर्णय महत्त्वाचा होता. त्या काळची द्रवरूप लस थोड्याच दिवसांत निकामी होई आणि बर्फात ठेवावी लागे. ती जहाजाने मागवत राहणे परवडणारे नव्हते. गावोगावी पथके जात. आधी हातावर ट्यूबरक्युलिनची चाचणी, तीन दिवसांनी तपासणी आणि ज्यांना आधी संसर्ग झालेला नाही अशांनाच लस.

विरोध झाला तो मुख्यतः मद्रासमधून. १९५५ मध्ये खुद्द राजगोपालाचारी त्यात उतरले. लशीची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही आणि निरोगी मुलांवर असा प्रयोग करू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. आरोग्यमंत्र्यांनी मोहीम थांबवली नाही. आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंना थोडे थोडे श्रेय द्यावे लागते. लहान मुलांमधला क्षयाचा मेंदूज्वर आणि शरीरभर पसरणारा क्षय यांपासून बीसीजी चांगले संरक्षण देते. पण मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती वाचवत नाही, हे पुढे चिंगलपुट जिल्ह्यात झालेल्या भारतातल्याच मोठ्या चाचणीने दाखवले. पुरावा मागणारे अगदीच चुकीचे नव्हते. आणि पुरावा शोधण्याची क्षमता देशात तयार झाली, तीही याच सहकार्यातून.

ती कशी, हे मद्रासच्याच दुसऱ्या एका संस्थेत दिसते. क्षयावर आयसोनियाझिड आणि पीएएस ही औषधे आली होती, पण उपचार म्हणजे सॅनेटोरियम असाच जगभर समज होता. वर्षभर खाटेवर विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार. भारतात रुग्ण लाखोंनी होते आणि खाटा काही हजार. म्हणून १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासमध्ये एक केंद्र सुरू केले. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले गेले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला तीच औषधे देऊन घरी पाठवले. घरी म्हणजे मद्रासच्या दाट वस्तीतल्या एखाद्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर, आणि अनेकांना कामधंदाही चुकलेला नव्हता.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतल्या रुग्णांची प्रकृती जवळपास सारखीच सुधारली होती. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागणही झाली नव्हती, कारण औषधे सुरू झाली की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते. एका गरीब देशाच्या गरजेतून निघालेल्या या प्रश्नाचे उत्तर श्रीमंत देशांनीही स्वीकारले आणि जगभरातली सॅनेटोरियम हळूहळू ओस पडली. कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर औषध घेण्याच्या पद्धतीची पायाभरणीही याच केंद्रात झाली. तज्ज्ञ परदेशातून आले होते, पण रुग्ण, प्रश्न आणि पुढे संशोधकही इथले होते. परदेशी तज्ज्ञ परत गेले, संस्था राहिली. चेन्नईत ती आजही राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून काम करते.

महाराष्ट्रात याच काळातली ठळक खूण म्हणजे पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक ज्ञान आणि प्रशिक्षण दिले, जागा आणि इमारती भारताच्या. १९५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनच्या कुप्या दान म्हणून मागणे सोपे होते. भारताने ते बनवायला शिकण्याची मदत मागितली.

‘एम्स’ची कथाही अशीच. भोर समितीने सुचवलेली राष्ट्रीय वैद्यकीय संस्था पैशाअभावी कागदावरच होती. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने दहा लाख पौंड दिले आणि १९५२ मध्ये कोनशिला बसली. १९५६ मध्ये अमृत कौर यांनी लोकसभेत विधेयक मांडले. संस्थेला स्वायत्तता असावी, अध्यापकांनी खासगी व्यवसाय न करता पूर्णवेळ शिकवावे आणि संशोधन करावे, अशी तिची रचना होती. पहिले संचालक झाले डॉ. बी. बी. दीक्षित, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. शिक्षक घडवणारी संस्था हवी, म्हणजे परदेशी शिकायला जाण्याची गरज कमी होईल, हा हेतू. सिमल्यातले आपले ‘मॅनॉरव्हिल’ हे घरही अमृत कौर यांनी पुढे संस्थेच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना विश्रांतीसाठी देऊन टाकले.

पण सगळीच गणिते जुळली नाहीत. मलेरियाचे उदाहरण घ्या. तेव्हाच्या मुंबई प्रांतात धारवाड आणि कारवारच्या बाजूला डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून घरोघर डीडीटी फवारून यश दाखवले होते. त्याच धर्तीवर १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेची आर्थिक मदत, डीडीटी, फवारणी पंप आणि गाड्या मिळाल्या. काही वर्षांत रुग्णसंख्या कोट्यवधींवरून एक लाखाच्या आसपास आली. मात्र फवारणी हीच मोहीम होती. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, गावपातळीवर रोज लक्ष ठेवणारी आरोग्ययंत्रणा पुरेशी उभी नव्हती, आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा साठ लाखांवर गेली.

दुसरे अपयश थेट त्यांच्या मतांतून आले. गांधीवादी अमृत कौर यांना गर्भनिरोधनाची कृत्रिम साधने मान्य नव्हती. १९५१ मध्ये मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तज्ज्ञ मागितला, तो केवळ सुरक्षित काळाच्या पद्धतीसाठी. डॉ. अब्राहम स्टोन आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातले रामनगरम येथे प्रयोग झाले. दिवस मोजता यावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. शिकायची इच्छा अनेक जोडप्यांना होती, पण पद्धत पाळणे फार थोड्यांना जमले. पाळीचे चक्र सगळ्यांचे नियमित नसते आणि घरातले निर्णय एकट्या बाईच्या हातात नसतात. पुढच्याच वर्षी कॅथलिक देशांच्या विरोधामुळे जागतिक आरोग्य संघटना या विषयापासूनच दूर झाली. मद्रासमध्ये प्रश्न मोकळा ठेवला होता. इथे उत्तर आधीच ठरले होते. तज्ज्ञ कितीही जाणता असला तरी ठरलेल्या उत्तरापलीकडे तो काही देऊ शकत नाही. त्याची किंमत वारंवारच्या बाळंतपणांनी थकलेल्या बायकांनी मोजली.

१९५७ मध्ये त्या मंत्रिमंडळातून बाहेर पडल्या. रेडक्रॉस, क्षयरोग संघटना, ‘एम्स’ आणि परिचारिकांचे शिक्षण ही कामे शेवटपर्यंत चालू होती. दिल्लीतल्या परिचर्या महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज भारत फक्त मदत घेत नाही, देतोही. आपल्या लशी अनेक देशांत जातात, तिथले डॉक्टर इथे शिकायला येतात. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या देशाशी आरोग्यविषयक सामंजस्य करार झाल्याची बातमी येते, सह्या करणाऱ्यांचे छायाचित्र येते. अशी बातमी वाचताना रकमेच्या आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रश्न कोणी विचारला आहे आणि करार संपल्यावर तिथे काम करणारी माणसे आणि संस्था उरणार आहेत का. आमच्या क्षयरोग विभागातला रुग्ण औषधांची पाकिटे पिशवीत घालून घरी जातो, घरच्यांबरोबर जेवतो, जमेल तसे कामाला लागतो. १९५६ च्या त्या करारातून उरले ते हे.